पानिपतात अब्दाली दक्षिणेला कसा? इतिहासाच्या तासाला ऑनलाइन नकाशा कसा वापरायचा

सातवीला पानिपत शिकवताना मी दरवर्षी एकच प्रश्न विचारते. अब्दाली कुठून आला? अख्खा वर्ग ओरडतो, उत्तरेकडून. आणि मराठे? दक्षिणेकडून. मग लढाईच्या दिवशी कोण कुठल्या बाजूला उभं होतं? इथेपण सगळे छातीठोकपणे सांगतात, अब्दाली वर आणि मराठे खाली. आणि ते साफ चूक असतं. १४ जानेवारी १७६१ ला मराठे उत्तरेला होते आणि अब्दाली त्यांच्या दक्षिणेला, म्हणजे दिल्लीच्या बाजूला. हे मी तोंडाने कितीही वेळा सांगितलं तरी पोरांच्या डोक्यात शिरायचं नाही, खरं सांगायचं तर मला स्वतःलाही नोकरी लागून चार वर्षं झाल्यावर नीट कळलं, आणि नकाशावर चार पिना टाकल्या की दहा मिनिटांत कळतं.

मी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूच्या एका मराठी शाळेत शिकवते. आमच्याकडे एक प्रोजेक्टर आहे, कंप्युटर लॅबमध्ये धड चालणारे नऊ कंप्युटर आहेत आणि नेट मूडवर आहे. त्यामुळे खाली जे सांगतेय ते भारी शाळेतलं नाही, कुठल्याही शाळेत जमेल असं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तासाला जाताना नकाशा उघडून जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. मी पहिल्या वर्षी काय केलं होतं तर प्रोजेक्टर लावून हा बघा रायगड, हा बघा राजगड, हा तोरणा, असं चाळीस मिनिटं फिरवलं, पोरं खूश, मी खूश, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर एकाला काही आठवेना. ती सहल झाली, तास नाही झाला. एका तासाला एक प्रश्न बास. आणि प्रश्न असा पाहिजे की ज्याचं उत्तर नकाशा बघितल्याशिवाय देताच येणार नाही.

आता पानिपतच घेऊ, सगळं सविस्तर सांगते म्हणजे बाकीचं तुम्ही तुमचं करू शकाल.

कंप्युटरवर गूगल माय मॅप्स उघडायचं (साधं गूगल मॅप नाही, माय मॅप्स असं शोधा, जीमेलने लॉगिन होतं, फुकट आहे). नवीन नकाशा करायचा, नाव द्यायचं. वर सर्च आहे तिथे ठिकाण शोधून "ॲड टू मॅप" केलं की पिन पडते. चार पिना टाका: दिल्लीचा लाल किल्ला, पानिपत, कुंजपुरा आणि बागपत. कुंजपुरा हरियाणात कर्नालजवळ आहे, बागपत उत्तर प्रदेशात. मग वर्गाला गोष्ट क्रमाने सांगायची. मराठ्यांनी ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली घेतली, पिनेवर बोट ठेवा. अब्दाली तेव्हा यमुनेच्या पलीकडे, पूर्वेला आहे, नदीला पूर आहे, कोणालाच पार होता येत नाही. मराठे उत्तरेला सरकले आणि १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला, तिथे धान्य मिळालं, वर बोट न्या. इथे थांबायचं आणि वर्गाला विचारायचं, तुम्ही अब्दाली आहात, तुमच्या हातातून कुंजपुरा गेला, आता काय कराल?

दरवेळी कोणीतरी म्हणतं, कुंजपुऱ्याला जाऊन हल्ला करू. मग बागपतची पिन दाखवायची. पूर ओसरायला लागल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला. आता पोरांना बघू द्या, काही बोलू नका. वर कुंजपुऱ्याच्या बाजूला मराठे, खाली दिल्ली, आणि मधे बरोब्बर अब्दाली. मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "बाई, म्हणजे घरी जायचा रस्ताच बंद झाला की!" बास. हेच मला हवं होतं. मग पानिपतात अडीच महिने का बसावं लागलं, उपासमार का झाली, शेवटी लढाईला बाहेर का पडावं लागलं, हे सगळं पोरं आपलं आपण जोडतात.

त्यानंतर अंतर मोजायला लावा. माय मॅप्समध्ये पट्टीचं चिन्ह आहे, साध्या गूगल मॅपवर माउसचं उजवं बटण दाबलं की "मेझर डिस्टन्स" येतं, मोबाईलवर बोट दाबून ठेवून पिन टाकली की खाली सरकवून तेच सापडतं. पुणे ते पानिपत सरळ रेषेत साधारण १२५० किलोमीटर भरतं, रस्त्याने दीड हजारच्या आसपास. आता वर्गाला सांगा की सैन्याबरोबर तोफा आहेत, बैल आहेत, बायकामुलं आहेत, यात्रेकरू आहेत, दिवसाला १५ किलोमीटर धरा. शंभर दिवस! गणिताच्या बाई पण खूश. सदाशिवरावभाऊंचं सैन्य मार्च १७६० मध्ये परतूरहून निघालं, म्हणजे जालना जिल्ह्यातलं परतूर, आणि दिल्लीला ऑगस्ट उजाडला, तर हा हिशोब कितपत जुळतो आणि कुठे थांबावं लागलं असेल (नद्या मोजा, नर्मदेपासून सुरू करा) यावर एक अख्खा तास जातो.

यात एक काळजी घ्या. आज नकाशावर यमुना जिथे दिसते तिथेच तेव्हा होती असं समजू नका, पात्र सरकलेलं आहे. त्यामुळे नदीपासून छावणी नेमकी किती मीटरवर असले हिशोब घालत बसू नका, दिशा आणि मोठी अंतरं एवढंच घ्या.

सर्च करताना काय होतं ते पण सांगून ठेवते, कारण माझी भर वर्गात फजिती झालेली आहे. इन्स्पेक्शन होतं, साहेब मागे बसलेले, मी ऐटीत "प्रतापगड" टाइप केलं, एंटर मारला आणि नकाशा भुर्रकन उडत गेला तो उत्तर प्रदेशात. तिथे प्रतापगढ नावाचा जिल्हाच आहे. पोरं हसायला लागली, साहेब पण हसले. चूक माझीच, महाबळेश्वर किंवा सातारा जोडून टाकायला पाहिजे होतं. रायगडचं तसंच, छत्तीसगडात रायगढ आहे. कोरेगाव टाकलं तर कोरेगाव पार्क, कोरेगाव भीमा आणि साताऱ्याचं कोरेगाव, तीन वेगळी ठिकाणं. म्हणून आदल्या दिवशी घरी सगळी ठिकाणं शोधून माय मॅप्समध्ये सेव्ह करून ठेवायची, वर्गात लाइव्ह सर्च करायचाच नाही.

बरं, पानिपत लांबचं झालं. पाचवी-सहावीच्या पोरांना एकदम तिकडे नेऊ नका, घरापासून सुरुवात करा. पुण्यात आपल्याला हे फार सोपं आहे कारण आपले पत्तेच इतिहास आहेत, फक्त रोज तोंडात बसल्याने ऐकू येत नाहीत. सदाशिव पेठ कोणाच्या नावाची? पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या. नारायण पेठ नारायणरावांची, नाना पेठ नाना फडणवीसांची, रास्ता पेठ रास्त्यांची. आणि अप्पा बळवंत चौक, जिथे आपण जूनमध्ये घामाघूम होऊन वह्यापुस्तकं घेतो, तो अप्पा बळवंत म्हणजे मेहेंदळे, ज्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत डिसेंबर १७६० च्या चकमकीत मारले गेले. मी एबीसीवर एक पिन आणि पानिपतवर एक पिन टाकून मधे रेघ ओढते. पुस्तकं घ्यायच्या चौकातून थेट पानिपत. हे पोरं विसरत नाहीत.

घरापासूनचा दुसरा एक तास म्हणजे लाल महाल. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, शाहिस्तेखानावर छापा, महाराज तिथून सिंहगडाकडे गेले. लाल महाल ते सिंहगड मोजा, सरळ रेषेत साधारण २० किलोमीटर भरतं. आमच्या शाळेच्या गच्चीवरून सिंहगडाचा टीव्हीचा मनोरा दिसतो, त्यामुळे पोरांना ते लगेच पोचतं, रात्रीत एवढं अंतर? घोड्यावर? अंधारात? मधे नदी कुठे? मग गूगल अर्थ उघडायचं.

गूगल अर्थ ब्राउझरमध्ये पण चालतं, पण शक्य असेल तर शाळेच्या एका कंप्युटरवर गूगल अर्थ प्रो टाकून घ्या, ते पण फुकट आहे. शिफ्ट दाबून माउस ओढला की नकाशा आडवा होतो आणि डोंगर उभे राहतात. माउस जिथे न्याल तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची खाली कोपऱ्यात दिसते. पुणं साधारण ५६० मीटरवर आणि सिंहगडाचा माथा १३०० च्या आसपास, म्हणजे किती चढ ते पोरांनी काढायचं. प्रोमध्ये अजून एक भन्नाट सोय आहे. पाथ काढून सेव्ह केला आणि त्यावर उजवं बटण दाबून "शो एलिव्हेशन प्रोफाइल" केलं की खाली चढउताराचा आलेख येतो. पन्हाळा ते विशाळगड असा पाथ काढून बघा. जुलै १६६०, धो धो पाऊस, सरळ रेषेत जेमतेम ४० किलोमीटर, पण चालत जायची वाट साठच्या आसपास, आणि आलेखाची ती वरखाली जाणारी रेघ बघून पोरं गप्प होतात. बाजीप्रभूंनी खिंडच का निवडली, मोकळं मैदान का नाही, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही. इथे साध्या गूगल मॅपचा चालायचा रस्ता लावू नका हां, तो तुम्हाला आत्ताच्या डांबरी रस्त्याने नेतो.

आणि अर्थमधले कडे बघून फसू नका. डोणागिरीचा कडा, जिथून तानाजी चढले असं सांगतात, तो अर्थवर वितळलेल्या मेणबत्तीसारखा दिसतो. एक मुलगी म्हणाली, "बाई हे तर मी पण चढेन." तिला म्हटलं, रविवारी बाबांबरोबर जा आणि खालून वर बघ. उभ्या भिंतीला सॅटेलाइट वरून बघणार म्हणजे किती बघणार.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय, जी मला कोणी सांगितली नव्हती. नकाशा दाखवायच्या आधी पोरांना विचारायचं, यातलं काय काय खोडायला पाहिजे? कारण समोर आहे तो आजचा नकाशा. लोहगड-तिकोन्याच्या शेजारी जो मस्त निळा तलाव दिसतो तो पवना धरणाचा आहे, महाराजांच्या वेळी तिथे पाणी नव्हतं, गावं आणि शेतं होती. वासोट्याच्या पायथ्याला दिसतं ते कोयनेचं पाणी. खडकवासल्याचं धरण १८७९ चं. मुळशीचं विसाव्या शतकातलं, आणि त्याच्यासाठी जमिनी जाणार म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता, १९२१ मध्ये. एका पोराने एकदा उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की मावळे होडीतून किल्ल्यावर जात. त्याची काय चूक, नकाशात पाणी दिसत होतं! तेव्हापासून मी ट्रेसिंग पेपर वापरते. प्रोजेक्टरवरचा नकाशा किंवा झेरॉक्सवाल्याकडून काढलेली ए-थ्री प्रिंट, त्याच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि फक्त डोंगर, नद्या आणि जुनी गावं उतरवून घ्यायची, धरणं, हायवे, बोगदे, विमानतळ सगळं गाळायचं. जे कागदावर उरतं तो साधारण तेव्हाचा नकाशा.

जुने नकाशे पण नेटवर आहेत. डेव्हिड रमसी मॅप कलेक्शन नावाचा मोठा संग्रह आहे, त्यात अठराव्या शतकातला रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा आहे, आणि टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या साइटवर १९५० च्या दशकातले भारताचे टोपो (म्हणजे डोंगर-दऱ्यांचा चढउतार दाखवणारे) नकाशे फुकट मिळतात. असा नकाशा डाउनलोड करून अर्थ प्रोमध्ये "ॲड" मध्ये जाऊन "इमेज ओव्हरले" करायचा आणि कोपरे ओढून नद्यांच्या संगमावर संगम बसवायचा (पुण्यासाठी मुळा-मुठेचा संगम घ्या, तो चटकन सापडतो), मग पारदर्शकतेची पट्टी मागेपुढे केली की जुनं आणि नवं एकमेकांतून दिसतं. बसवायला अर्धा तास जातो, वैताग येतो, पण एकदा केलं की दरवर्षी वापरता येतं.

मुलांकडून नकाशा बनवून घ्यायचा असेल तर माझा अनुभव असा की राजेरजवाड्यांपेक्षा पानशेतचा पूर घ्या. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, तेही फुटलं आणि पुण्यात घुसलं. पुण्यातल्या जुन्या घरात याची एक तरी गोष्ट असतेच. पोरांना आठ दिवस देते, आजी-आजोबा, शेजारचे काका, वाड्यातले कोणी म्हातारे, त्यांना विचारून यायचं की तुम्ही तेव्हा कुठे होता, पाणी कुठपर्यंत आलं, नंतर कुठे राहिलात. सगळी उत्तरं एका गूगल शीटमध्ये भरायची: ठिकाण, पाणी कुठपर्यंत, कोणी सांगितलं, गोष्ट दोन ओळीत. ठिकाणाच्या रकान्यात नाव लिहिण्यापेक्षा आकडे टाका, गूगल मॅपवर उजवं बटण दाबलं की सगळ्यात वर अक्षांश-रेखांश येतात, त्यावर क्लिक केलं की कॉपी होतात. मग माय मॅप्समध्ये "इम्पोर्ट" करून ती शीट दिली की सगळ्या पिना एका दमात पडतात, आणि "पाणी कुठपर्यंत" या रकान्यावरून रंगही देता येतात.

आमच्या नकाशावर नारायण पेठेतल्या एका आजींची पिन आहे, त्यात फक्त एवढंच लिहिलंय, "माळ्यावरचे पापड भिजले." नातीने जसं ऐकलं तसं लिहिलं. मी ते बदललं नाही. पापड माळ्यावर होते म्हणजे पाणी कुठपर्यंत आलं होतं ते कळलंच. सगळ्या पिना पडल्यावर वर्गाला विचारायचं, रंगांवरून नदीची वाट ओळखता येते का? कुठली पेठ वाचली आणि का? मग अर्थवर उंच्या बघायच्या. मग पूरग्रस्तांसाठी वसलेले भाग, गोखलेनगर वगैरे, त्यांची दुसरी लेअर. आमच्या वर्गातल्या दोघांना तेव्हाच कळलं की आपण राहतो ती वसाहत पुरामुळे झालीय.

यात एक नियम कडक ठेवा. पिनेवर कोणाचं पूर्ण नाव, घर नंबर, फोन काही नाही. "एक आजी, नारायण पेठ" एवढं पुरतं. पिन पण घरावर न टाकता जवळच्या चौकात टाकायची.

कात्रजच्या नळाचं पण असंच करता येतं, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, साधारण आठ किलोमीटर, पंप नाही, मोटर नाही. पाणी कसं आलं? अर्थवर तलावाची उंची बघा, शनिवारवाड्याची बघा, झालं. वाटेतले उच्छ्वास (नळातली हवा बाहेर पडायला बांधलेले मनोरे) आणि हौद शोधायला पोरांना रविवारी पाठवा.

खडकीच्या लढाईला, ५ नोव्हेंबर १८१७, दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघत होता असं सांगतात. तर अर्थमध्ये पर्वतीवर उतरून खडकीकडे तोंड करा आणि काय दिसतं ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

अजून एक, आणि यावर मी जरा हट्टी आहे. रेघा ओढताना पक्कं आणि अंदाजाचं वेगळं दाखवा. महाराज ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याहून निसटले हे पक्कं, पण परत कुठल्या वाटेने आले याबद्दल वेगवेगळं सांगितलं जातं. म्हणून आग्रा आणि राजगड या पिना लाल, मधली वाट राखाडी. आमच्या वर्गात राखाडी म्हणजे "बहुतेक". पोरं आता परीक्षेत पण विचारतात, बाई हे लाल आहे का राखाडी. तसंच ते राज्यांचे रंगीत पट्टे. नेटवर व्हिडिओ असतात ना, भगवा रंग पसरत पसरत अटकेपर्यंत जातो, बघायला छान वाटतं, पण कुठे प्रत्यक्ष राज्य होतं, कुठे नुसती चौथाई होती आणि कुठे फक्त फौज येऊन गेली, सगळं एकाच रंगात. मी पट्टा रंगवतच नाही, किल्ले आणि ठाणी यांच्या पिना टाकते, त्या जोडल्या की चित्र आपोआप दिसतं.

परदेशी साइटवरचा नकाशा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या आधी वर काश्मीरची सीमा बघून घ्या. ती वेगळी असली तर टाकू नका, भिंतीवर तर अजिबात लावू नका. बाहेररेषेसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचाच नकाशा घ्यायचा.

नेटचं काय? आदल्या दिवशी प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट काढून पीपीटीत टाका, वर्गात नेट गेलं तरी तास थांबत नाही. पानिपतला माझे सहा स्क्रीनशॉट आहेत, एकेक पिन वाढत जाणारे. गूगल मॅपचा ऑफलाइन भाग पण डाउनलोड करता येतो, पण माय मॅप्सच्या पिना त्यात भरवशाच्या नाहीत. पोरांना मोबाईल शाळेत आणायची परवानगी नसेल तर घरी आई-बाबांच्या फोनवर बघायला लिंक पाठवा, बनवायचं काम मात्र कंप्युटरवरच, मोबाईलवर नुसती कटकट होते. नऊ कंप्युटरवर बेचाळीस पोरं म्हणजे एकेकाला माउस मिळतच नाही, म्हणून एक जण माउस, एक जण पुस्तक, एक जण वही, एक जण नुसता शंका काढणारा, दहा मिनिटांनी अदलाबदल.

आणि लिंक देताना शेअरिंगमध्ये "व्ह्यूअर" ठेवा, "एडिटर" फक्त त्या गटाला आणि तेही तेवढ्याच दिवसांपुरतं. वर्षाच्या शेवटी नकाशाची कॉपी करून साल टाकून ठेवा. मी हे केलं नव्हतं. दिवाळीनंतर नकाशा उघडला तर कोणीतरी माउसने कुंजपुरा ओढून हरिद्वारच्या वर नेऊन ठेवलेला, आणि बागपतच्या पिनेवर लिहिलेलं, "इथे वडापाव मिळतो."